अर्ध्यावर थांबायचं गाणं

गावात कुणा बाईचा नवरा गेला की दोन ठिकाणी सांगावा जायचा. एक न्हाव्याच्या घरी आणि दुसरा जोगतिणींच्या आळीत, राजाबाईच्या झोपडीवर. न्हाव्याचं काम एका सकाळीत उरकायचं. राजाबाईचं काम कधी उरकेल ते ज्या त्या बाईवर अवलंबून. काही बाया चौंडक्याची तार वाजली न वाजली तोच गळा काढायच्या. काही इतक्या खमक्या की राजाबाईचा घसा बसायची पाळी आली तरी डोळ्यातून टिपूस काढायच्या नाहीत. पण शेवटी रडायच्या. राजाबाई गायला बसली आणि समोरची कोरडी राहिली, असं दूधगंगेच्या या काठाला सदलग्यापर्यंत कुणी ऐकलेलं नव्हतं.

गाणं यल्लमाचं. राजानं आईच्या धन्याला मारलं, आईनं चुडा फोडला, कपाळ पुसलं आणि ती राखेत जाऊन बसली. देवीवर ही वेळ आली तिथं तुझं माझं काय, एवढंच त्या गाण्याचं सांगणं, आणि तेवढ्यावर बाईमाणसाच्या छातीवरचा धोंडा हलायचा. खरं तर गाणं तिथं संपत नाही. पुढं आईचा धनी जिवंत होतो, दारात येऊन हाक मारतो, आई पुन्हा हिरवा चुडा भरते. पण ते पुढचं म्हणायचं माघातल्या अहेव पुनवेला, देवळापुढं. ज्या घरातलं माणूस गेलंय तिथं ते तोंडातून काढायचं नाही, कारण त्या घरचा धनी काही हाक मारायला यायचा नसतो. म्हणून आई राखेत बसली की शामू चौंडक्याची तार बोटानं दाबून धरायचा आणि गाणं अर्ध्यावर थांबायचं.

शामू म्हणजे राजाबाईचा जोडीदार, गाण्यापुरता. जन्माचा पुरुष, पण आईच्या नावानं लुगडं नेसलेला, पिकल्या केसांचा अंबाडा घालणारा जोगत्या. दोघांनी मिळून या भागातल्या इतक्या बायांना रडवलं होतं, की बाजारात त्यांना बघून नव्या लग्नाच्या मुली वाट बदलायच्या. राजाबाईला त्याचं वाईट वाटायचं बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. हल्ली तिला नुसता शीण यायचा. दुसऱ्याचं दुःख उपसून उपसून आपण विहिरीवरच्या मोटेसारखे झालोय, असं ती शामूला म्हणायची. शामू म्हणायचा, "मोटंला निदान बैल तरी असत्यात गं."

आणि त्या कार्तिकात मारुतीराव गेला.

मारुतीराव गावातला बऱ्यापैकी शेतकरी. नदीकाठाला तंबाखूचं रान, दोन बैलजोड्या, माळवदाचं घर, घरात यशोदाबाई ही लग्नाची बायको. आणि आळीत राजाबाई. राजाबाईला लहानपणीच देवीला सोडलेलं. वयात आल्यावर मारुतीरावानं रीतीप्रमाणं तिचा झुलवा लावून घेतला, म्हणजे देवीसमोर तिला आपली म्हटली. गावात हे कुणापासून लपलेलं नव्हतं आणि कुणी त्याबद्दल बोलतही नव्हतं. वीस-बावीस वर्षं तो बाजारच्या दिवशी तिसऱ्या प्रहरी तिच्या झोपडीवर यायचा, दिवे लागायच्या आत घरी जायचा. त्यानं तिचं छप्पर शाकारून दिलं होतं, तिच्या आईच्या आजारपणात चिकोडीहून औषध आणलं होतं, आणि एकदा ती रुसली तेव्हा आख्खा दिवस तिच्या दारात बसून राहिला होता. लग्नाच्या बायकोला जे मिळतं त्यातलं फार थोडं तिला मिळालं, पण जे मिळालं त्यावर ती जगली होती, आणि तिचा त्याच्यावर जीव होता. हे सरळ सांगून टाकलेलं बरं.

तंबाखूचे शेंडे खुडता खुडता तो बांधावर टेकला तो पुन्हा उठला नाही. राजाबाई तेव्हा नदीवर लुगडी धूत होती. पलीकडच्या दगडावर धुणाऱ्या बाईला कुणीतरी येऊन सांगितलं, त्या बाईच्या तोंडून हाय निघाली, मग राजाबाईकडे बघितलं आणि चटकन नजर पाण्याकडे वळवली. बस्स. राजाबाईला तिचा नवरा गेल्याची बातमी अशी मिळाली. तिनं हातातलं लुगडं पिळलं, परत बुडवलं, परत पिळलं. दुपार कलताना खालच्या अंगाला नदीकाठी धूर उठला, तोही तिनं तिथूनच बघितला.

कारण जोगतीण विधवा होत नाही. तिचं लग्न देवाशी, देव काही मरत नाही. झुलव्याचा माणूस मेला तरी तिचं कुंकू शाबूत, चुडा शाबूत. तिला सुतक नाही, तिच्याकडं दहावं नाही, तिच्या दारात कुणी घोंगडं टाकून बसायचं नाही. गावाच्या लेखी ती भाग्याचीच बाई. दुसऱ्या दिवशी मंगळवार होता, म्हणून तिनं परडी घेतली आणि जोगव्याला बाहेर पडली. प्रत्येक दारात बाया तिच्या परडीत मूठभर जोंधळे टाकायच्या आणि तिलाच ऐकवायच्या, मारुतीराव कसा अचानक गेला, यशोदाबाईचं कसं होणार. राजाबाई मान डोलवायची. एकही बाई विचारेना की तुझं काय. त्याच्या घराच्या बोळात ती वळलीच नाही. सुतकाच्या घरचा जोगवा घेत नाहीत.

घरी येऊन तिनं जोंधळे पाखडायला घेतले आणि सुपातच हात तसाच ठेवून बसली. रडावं असं फार वाटत होतं. येत नव्हतं. दुसऱ्यांना रडवायची जिची ख्याती, तिला स्वतःला कसं रडायचं ते सुधरेना. त्यासाठी समोर कुणीतरी बसावं लागतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं. आपल्यासमोर कोण बसणार?

सुतक फिटल्यावर मारुतीरावाचा धाकटा भाऊ नागोजी आळीत आला. आळीच्या तोंडाशीच उभा राहिला आणि पटक्याच्या टोकानं तोंड पुसत म्हणाला, "राजाबाई, जरा घराकडं यायला लागतंय."

"कुठल्या घराकडं?" तिनं उगाच विचारलं.

"आमच्याच. वैनी रडंना. दादाला नेलं तवापास्नं डोळ्यात पाणी न्हाय. खाईना, बोलंना. भिताडाकडं बगत बसलीया नुस्ती. म्हातारी मान्सं म्हनत्यात, असंच ऱ्हायलं तर बाई जायाची." तिचा नि त्याच्या भावाचा संबंध त्याला माहीत नव्हता असं नाही. पण तो वैनीपायी आला होता आणि त्याची स्वतःची मान खाली होती. "तुमचं गानं झालं की रडंल. दुसरं कोन हाय?"

नाही म्हणावं असं राजाबाईच्या ओठावर आलं होतं. पण नाही म्हणायला कारण सांगावं लागतं, आणि जे कारण होतं ते सांगायचा तिला हक्क नव्हता. "येते म्हनून सांगा," ती म्हणाली.

नागोजी गेल्यावर शामू आपल्या झोपडीतून बाहेर आला. त्यानं सगळं ऐकलं होतं. "जाऊ नगंस," तो म्हणाला. "घसा धरलाय म्हनून सांगतो मी. आप्पाचीवाडीची ती दुसरी जोगतीण येईल."

"तिला लांबनं यायला दोन दिस लागतील. तंवर ती बाई मरंल."

"तुला ती कवापास्नं एवढी लाडकी झाली?"

यशोदाबाईशी राजाबाई आजवर पाच-सहा वेळा बोलली असेल, तीही नदीवर, तीही "पाणी लई गार हाय आज" एवढंच. पण यशोदाबाईच्या जिवापेक्षा खोल कुठंतरी तिला त्या घरात जायचं होतं. तो जिथं निजला, जेवला, जिथून त्याला उचलून नेलं, ते घर तिनं आतून कधी बघितलं नव्हतं. गायच्या निमित्तानं का होईना, उंबऱ्याच्या आत बसायला मिळेल. माणूस केवढ्याशा गोष्टीसाठी केवढं अवघड काम पत्करतो बघा.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं गेले. सोप्यात बाया दाटीवाटीनं बसल्या होत्या. मधल्या दाराशी, भिंतीला पाठ लावून यशोदाबाई. कपाळ उघडं, हात मोकळे, नजर समोरच्या भिंतीवर. राजाबाई तिच्या समोर बसली आणि तिच्या पाठीमागच्या खुंटीवर तिला त्याचा पटका दिसला. अबोली रंगाचा, बाजारच्या दिवशी बांधायचा तो. तो पटका तिनं कितीदा तरी हातानं उलगडून ठेवला होता. आता तो इथं कुणाच्या तरी हातानं गुंडाळलेला होता आणि तिला त्याच्याकडं बघायचीही चोरी होती. तिनं मान खाली घातली.

शामूनं तार छेडली. राजाबाईनं सुरुवात केली. आवाज नेहमीसारखा होता, थोडा बसका, थोडा ओढलेला. राजा आला, गाय मागितली, धनी नाही म्हणाला. नेहमीच्या जागा, नेहमीचे हेलकावे. नागोजीची बायको मालुबाई पदर तोंडाला लावून हुंदके द्यायला लागली. इतर बायाही. यशोदाबाई मात्र भिंतीकडंच बघत होती.

*हिरवा चुडा फुटला आई, पाण्याच्या काठावरी,*
*रान सारं मुकं झालं, सावली न्हाई माथ्यावरी.*

इथं आई राखेत बसते. शामूनं बोट ठेवलं. तार थांबली. सोप्यात नुसते हुंदके.

आणि राजाबाईचं तोंड थांबलं नाही.

असं कसं झालं ते तिला नंतरही नीट सांगता आलं नाही. मारुतीराव तिच्याकडं यायचा तेव्हा गाणं म्हण म्हणायचा, पण अर्धं त्याला चालायचं नाही. "रडगानं गावाला म्हन," म्हणायचा. "मला फुडचं पायजे." वीस-बावीस वर्षं त्याच्यासमोर ती राखेपाशी कधी थांबलीच नव्हती. आणि समोर त्याचा पटका होता. दमलेल्या बैलाला कासरा ओढावा लागत नाही, तो आपल्या पायांनी घराकडं वळतो. तिचा आवाज तसाच वळला. तारेशिवाय, उघडा.

*ऊठ गं आई, बघ दारी, कुनाचं पाऊल वाजलं,*
*गेला म्हनत हुतीस ज्याला, त्येनंच तुला हाकारलं.*

बायांचे हुंदके जागच्या जागी थांबले. शामूनं तिचा दंड धरला. तोवर दुसरं कडवं निम्मं झालं होतं. राजाबाईला एकदम भान आलं आणि तिनं तोंडावर हात ठेवला.

यशोदाबाईनं भिंतीवरची नजर काढली. राजाबाईकडं बघितलं. असं बघितलं की जणू या बाईला ती आज पहिल्यांदा बघतेय. मग तिच्या घशातून जो आवाज निघाला तो ऐकून ओट्यावर बसलेले पुरुष उठून उभे राहिले. ती रडली ती अशी, की तिला धरायला तीन बाया लागल्या.

"काय गं हे!" मालुबाई ओरडली. "भावजींची राख अजून गार न्हाय, आनि तू हाक मारत आलं म्हनून गातीस? आमच्या आक्कानं आता दाराकडं बगत बसायचं व्हय? लाज न्हाय तुला? म्हनूनच गायलीस न्हवं तू? आक्काला डागण्या द्यायलाच!"

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. म्हणूनच म्हणजे कशासाठी ते सगळ्यांना कळलं होतं. नागोजी दारातून आत आला आणि राजाबाईकडं न बघता म्हणाला, "जावा तुम्ही. जावा आता."

आळी आली तेव्हा शामू म्हणाला, "इतक्या वर्सांत एकदा चुकलीस, आनि कुठं चुकलीस बग."

"तोंड थांबलं न्हाय, शामू."

"माझं बोट थांबलं. तुझं तोंड थांबाया काय झालतं?" पण मग तिच्या तोंडाकडं बघून त्यानं पुढचं गिळलं आणि आत जाऊन चुलीवर तिच्या वाटणीचंही आधण ठेवलं.

गावाला विषय मिळाला. कुणी म्हणे राजाबाईनं सवत म्हणून डाव साधला, कुणी म्हणे देवीनंच तिच्या तोंडून बोलवून घेतलं, यशोदाबाईच्या घरात आता काहीतरी होणार. पुढं कणंगल्याच्या वाटेवरच्या वस्तीत एकीचा नवरा गेला, तेव्हा बोलावणं आळीत आलं नाही. त्या बाईला आपलं आपणच रडावं लागलं. जोगव्याच्या परडीत मूठ पडायची, पण दारात उभं राहून बोलायचं कुणी थांबेना. राजाबाईला त्याचा त्रास व्हावा तितका झाला नाही. गायला बोलावत नाहीत, बरंच आहे, असं तिला वाटायचं. फक्त यशोदाबाईचा तो आवाज तिच्या कानातून जाईना. आपल्याला तिला रडवायचं होतं, रडवलं. पण असं नव्हतं रडवायचं. आपल्या माणसाच्या बायकोला आपण त्याच्याच सोप्यात बसून भाजलं, याची तिला लाज वाटत होती, आणि ती लाज सांगायलाही कुणी नव्हतं.

एकाच दिवसाची ती वाट बघत होती. मार्गशीर्षातली पुनव. त्या पुनवेला आईचा धनी जातो आणि सगळ्या जोगतिणी आईच्या नावानं आपला चुडा फोडतात, कुंकू पुसतात, रडतात. मग माघातल्या पुनवेपर्यंत त्या तशाच. दर वर्षी राजाबाईनं हे केलं होतं, जसं इतर कामं करावीत तसं. या वर्षी ती मनात म्हणत होती, एवढा दिवस येऊ दे. त्या दिवशी माझ्या हातातला चुडा कुणासाठी फुटला ते आईला कळेल, मला कळेल. गावानं आईसाठी समजावं. एवढ्या बायांच्या रडण्यात माझं रडणं कुणाला वेगळं ऐकू येणार आहे?

पुनव आली. नदीकाठच्या देवळापाशी जोगतिणी जमल्या, पार संकेश्वराकडच्या, पलीकडच्या कानडी गावांतल्यासुद्धा. कुणी कानडीत रडत होतं, कुणी मराठीत. डोक्यावरचे जग, म्हणजे टोपलीतले देवीचे मुखवटे, खाली उतरवले होते. आंबिलीची मडकी, घुगऱ्या, पोळ्या, सगळं झाडाखाली मांडलेलं. म्हातारी रुक्माबाई दगडाशी बसली होती. सगळ्यांत वडील म्हणून तिच्या हातून चुडा फोडायचा. एकेक बाई पुढं यायची, हात दगडावर ठेवायची, काचेचा आवाज यायचा आणि बाई टाहो फोडायची.

राजाबाईची पाळी आली. तिनं दोन्ही हात पुढं केले. रुक्माबाईनं दगड उचलला, बांगड्या फुटल्या, एक काच मनगटाला लागून रक्ताचा थेंब आला. राजाबाई थांबली. आता येईल, आता येईल. आलं नाही. डोळे जाळल्यासारखे कोरडे. शेजारची सवयीनं रडत होती आणि रडता रडता आंबिलीचं मडकं कुणी हलवलं म्हणून ओरडतही होती. हे सगळं आईसाठी होतं. मारुतीराव इथं कुठंच नव्हता.

"रड की गं, राजाबाई," रुक्माबाई दबक्या आवाजात म्हणाली. "तू न रडलीस तर कसं वाटतंय?"

"रडते," राजाबाई म्हणाली आणि उठून नदीच्या उतरणीला जाऊन बसली. तिला आता काहीच नको होतं. रडणंही नको. झोपावं आणि उठूच नये असं वाटण्याइतकी ती थकली होती. वर बाया जेवायला बसल्या, हसण्याखिदळण्याचे आवाज यायला लागले. मनगटावरचा थेंब सुकला.

तेवढ्यात ते आवाज एकदम बंद झाले. राजाबाईनं वळून बघितलं. देवळाकडून उतरणीला यशोदाबाई येत होती. डोक्यावरून पदर, पायात काही नाही. नवरा जाऊन महिना-दीड महिना झालेली बाई यात्रेच्या गर्दीत कधी कुणी बघितली नव्हती. बाया हातात घास घेऊन बघत होत्या. मालुबाई मागून येत होती, पण देवळापाशीच थबकली.

राजाबाई उठून उभी राहिली. "आक्का," ती म्हणाली, "त्या दिवशी माझं चुकलं. मी मुद्दाम न्हाय..."

"चुकलंच," यशोदाबाई म्हणाली. "बस खाली. उभ्यानं बोलवत न्हाय मला."

दोघी बसल्या. मधे हातभर जागा.

"ते फुडचं गानं," यशोदाबाई म्हणाली. "ते मला ठावं हुतं."

"आक्का तुम्ही माघातल्या पुनवेला कवा आला न्हाईसा की."

"इथं न्हाय. घरात. मालक बैलांस्नी वैरन टाकताना म्हनायचं. शब्द न्हाईत, नुस्तं हुं हुं करायचं. रोज सकाळी. मी चुलीपुढं असायची. ते गुनगुनायला लागलं की मला कळायचं, आता हातपाय धुवायला येनार, आता च्या मागनार. एकदा इचारलं, कुठलं हो हे? म्हनाले, बाजारात ऐकलं."

राजाबाईनं मान खाली घातली.

"त्या दिवशी मला कळलं, कुठला बाजार त्यो."

"राग आला आसंल."

"आला. आजून हाय. खोटं कशाला बोलू? पर रडू आलं ते त्यानंच आलं. एवढ्या बाया येऊन रडून गेल्या, मला मालक कुठं दिसंनात. गेलं म्हनत्यात, गेलं म्हनत्यात, पर गेलं कोन? तू ते म्हनलीस आनि मला गोठ्यात उभं असलेलं दिसलं." तिनं पदरानं नाक पुसलं. "तवा कळलं, आता ते न्हाईत."

वरून कुणीतरी हाक मारली. यशोदाबाईनं वळून बघितलं नाही.

"तुझ्याकडं कोन आलतं?" तिनं विचारलं.

"कशाला?"

"रडाया. बसाया. ते गेलं तवा."

"मी जोगतीण, आक्का. माझ्याकडं कशाला कोन येतंय?"

"ते मला म्हाईत हाय. कोन आलतं का, ते इचारलं मी."

"न्हाय," राजाबाई म्हणाली. "कोन न्हाय."

यशोदाबाईनं पाय जवळ घेतले, गुडघ्यांभोवती हात बांधले आणि समोर पाण्याकडं बघत गुणगुणायला लागली. शब्द नव्हते. आवाज गायचा नव्हता. चुलीपुढं बसणाऱ्या बाईचा घोगरा, धुरानं खाल्लेला आवाज. पण तो सूर तिचा नव्हताच. तो बैलांना वैरण टाकणाऱ्या माणसाचा होता, मधेच दम घेणारा, मधेच वाकून पेंढी उचलणारा. पाऊल वाजलं, तिथवर सगळं नीट आलं. हाकारलं, तिथं सूर खाली उतरायला पाहिजे. तो वर गेला.

मारुतीराव तिथं नेहमीच वर जायचा. किती वर्षं राजाबाईनं त्याला सांगितलं होतं, खाली घ्या, मालक, हिथं खाली घ्यायचं असतंय. तो हसायचा, हो म्हणायचा आणि पुन्हा वरच न्यायचा. त्याला ते कधी जमलंच नाही. ती जागा दुसऱ्या कुणाला ठाऊक असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

"खाली..." असं म्हणायला राजाबाईनं तोंड उघडलं आणि तिच्या तोंडून शब्द आला नाही. तिनं दोन्ही मोकळे हात तोंडावर घेतले आणि ती रडली. आईसाठी नाही, कुणा घरच्या बाईसाठी नाही. देवळापाशी बाया उठून उभ्या राहिल्या. शामू उतरणीपर्यंत आला आणि तिथंच थांबला.

यशोदाबाईनं तिला हात लावला नाही, उगी म्हटलं नाही. ती गुणगुणत राहिली. सूर संपला की पुन्हा पहिल्यापासून धरायची, आणि दर वेळी त्या जागेपाशी वरच न्यायची.